पाठीतलं पाणी

ताप, उलट्या आणि मध्येच येऊन गेलेली आकडी. वर्षाच्या आतलं मूल बालरुग्ण विभागात दाखल होतं, डॉक्टर तपासतात आणि सांगतात, "पाठीतलं पाणी काढून बघावं लागेल." संमतीचा कागद पुढे येतो आणि खाटेभोवती कुजबुज सुरू होते. पाठीत सुई टोचली की पोर अधू होतं, असं आजीने ऐकलेलं असतं. मामा ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतो. वडील म्हणतात, सकाळपर्यंत वाट बघू. मेनिंजायटिसमध्ये ही सकाळपर्यंतची वाट फार महागात पडू शकते, म्हणून ही तपासणी नीट समजून घ्यायला हवी.

मेंदू आणि मज्जारज्जू तीन आवरणांत गुंडाळलेले असतात. आतल्या दोन आवरणांमधल्या जागेत एक नितळ द्रव सतत फिरत असतो. जंतू या जागेत पोचले आणि आवरणांना सूज आली की तो मेनिंजायटिस. विषाणूंमुळे झालेला बहुधा आपोआप बरा होतो. जिवाणूंचा मात्र जिवावर बेततो. रक्तात जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं आणि पांढऱ्या पेशी भरपूर असतात, या द्रवात त्या जवळजवळ नसतात. एकदा आत शिरलेल्या जिवाणूला तिथे अडवणारं कुणी नसतं, आणि तो तासागणिक वाढतो.

मोठ्या मुलाची मान ताठ होते, डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही. तान्ह्या बाळात यातलं काहीच दिसेल असं नाही. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं किंवा उचलून घेतल्यावर शांत होण्याऐवजी जास्तच किरकिरतं. टाळू फुगलेली दिसते, कधी तीही नाही. नवजात बाळाचं अंग तर तापण्याऐवजी गारही पडू शकतं. लक्षणं इतकी मोघम असताना नक्की उत्तर त्या द्रवातच मिळतं.

आता सुईच्या भीतीबद्दल. मज्जारज्जू पाठीच्या कण्यात टोकापर्यंत उतरलेला नसतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, नवजात बाळात थोडा खाली, तिसऱ्या मणक्याच्या आसपास. बाळाला सुई घालतात ती त्याच्याही खाली, बहुधा चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या फटीत. तिथे रज्जू नसतो, द्रवात सुट्या तरंगणाऱ्या नसा असतात आणि त्या सुईच्या टोकापासून बाजूला सरकतात. काढायचा द्रव एक-दोन मिलिलिटर. शरीर तो काही तासांत भरून काढतं. जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली, तेव्हा त्यांचा हेतू मेंदूवरचा दाब उतरवण्याचा होता. निदानासाठी तिचं मोल पुढे कळत गेलं.

अधूपणाची समजूत मला वाटतं आजारातूनच आली असावी. मेनिंजायटिसमुळे काही मुलांचे हातपाय कमजोर होतात, बहिरेपण येतं. घरच्यांना आठवते ती सुई, आणि दोष तिच्या माथी बसतो. सुई पुढे ढकलण्याची खरी कारणं वेगळी आहेत: मेंदूवरचा दाब फार वाढल्याची चिन्हं, रक्तदाब कोसळलेला असणं, रक्त गोठण्यातला बिघाड, टोचायच्या जागीच त्वचेला संसर्ग. अशा वेळी डॉक्टर स्वतःच थांबतात. पण अँटिबायोटिक थांबत नाही, ते लगेच सुरू होतं.

निरोगी द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो. जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये तो तांदळाच्या धुवणासारखा गढूळ येऊ शकतो, कारण एरवी घनमिलिमीटरमागे जेमतेम पाचापर्यंत असणाऱ्या पांढऱ्या पेशी शेकड्यांनी, हजारांनी वाढलेल्या असतात. साखर उतरते, प्रथिनं चढतात. मग जंतू वाढवून त्याची ओळख पटवतात, म्हणजे नेमकं औषध ठरतं. आधीच मेडिकलमधून आणून चार डोस अँटिबायोटिक पाजलेलं असेल तर जंतू प्रयोगशाळेत वाढतच नाही आणि डॉक्टरांना अंदाजाने पुढे जावं लागतं. पेशी आणि प्रथिनांतले बदल तरीही बहुधा दिसतात, म्हणून तेव्हाही तपासणी वाया जात नाही.

क्षयाचा मेनिंजायटिस याहून फसवा. तो दोन-तीन आठवडे हळूहळू पुढे सरकतो: बारीक ताप, चिडचिड, वजन घटणं, अधूनमधून उलटी. घरात कुणी बरेच दिवस खोकतंय का, हा प्रश्न डॉक्टर उगाच विचारत नाहीत. औषधं सहसा वर्षभर चालतात. द्रवाची वाट तुंबून डोक्यात पाणी साठलं तर ते पोटात उतरवणारी नळीही बसवावी लागते.

वॉर्डातला सगळ्यात अवघड दिवस बहुधा चौथा-पाचवा असतो. ताप उतरलेला, पोर खेळायला लागलेलं, घरी दुसरं मूल वाट बघतंय, रोजगार बुडतोय. इंजेक्शनांऐवजी गोळ्या लिहून द्या, अशी विनवणी होते. त्या आईबापांची ओढाताण खरी आहे, पण शरीराचं गणित त्यांच्या बाजूचं नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो, तो बहुतेक औषधं आत जाऊ देत नाही. सूज असताना तो पडदा सैल पडतो आणि औषध आत झिरपतं. सूज ओसरू लागली की पडदा पुन्हा घट्ट होतो, म्हणजे मूल जसजसं बरं दिसतं तसतसं आत पोचणारं औषध कमी होत जातं. म्हणून मोठा डोस शिरेतूनच, शेवटपर्यंत द्यावा लागतो. न्यूमोकॉकस हा जिवाणू असेल तर साधारण १० ते १४ दिवस, नवजात बाळात ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू असतील तर किमान तीन आठवडे.

हिब आणि न्यूमोकॉकस या दोन मोठ्या शत्रूंवर आज लस आहे. या जिवाणूंवर साखरेच्या साखळ्यांचं कवच असतं आणि दोन वर्षांखालच्या बाळाची प्रतिकारशक्ती ते नीट ओळखत नाही. शास्त्रज्ञांनी ते कवच एका प्रथिनाला जोडलं, आणि बाळाचं शरीर ते ओळखायला शिकलं. हिबची लस भारतात डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूत पेंटाव्हॅलंटमधून सुरू झाली. न्यूमोकॉकसची २०१७ मध्ये मोजक्या राज्यांत आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली मेनिंगोकॉकस 'ए'ची स्वस्त लस २०१० मध्ये बुर्किना फासोत मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात झाली, आणि सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात त्या प्रकाराच्या साथी जवळपास थांबल्या. आपल्याकडे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची टोचणी चुकवू नये, ती हिब आणि न्यूमोकॉकससाठीच. जन्मतःची बीसीजी क्षयाच्या मेनिंजायटिसपासून संरक्षण देते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जिवाणूंच्या मेनिंजायटिसमधून वाचलेल्या पाचांपैकी एकाला काही ना काही कायमचं व्यंग राहतं. त्यात सर्वाधिक नजरेतून निसटणारं म्हणजे बहिरेपण, कारण तान्हं बाळ ऐकू येत नाही हे सांगत नाही. आतल्या कानाची पोकळी मेंदूभोवतीच्या द्रवाशी जोडलेली असते आणि सूज तिथेही पोचते. ती कमी करायला काही मुलांना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी किंवा सोबत डेक्सामेथासोन देतात. हिबमध्ये त्याचा फायदा स्पष्ट दिसला आहे. तरीही कानाला इजा झालीच तर पुढच्या काही आठवड्या-महिन्यांत त्या पोकळीत हाड धरू लागतं, आणि मग कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत सरकवणं कठीण होतं. त्यामुळे डिस्चार्जच्या आधी, नाही जमलं तर महिन्याच्या आत, बाळाची बेरा ही ऐकण्याची तपासणी करून घ्यायची. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून ती होते, दुखत नाही. कागदावर लिहिलेली नसेल तर आईवडिलांनी विचारावी. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तिची चौकशी करता येते.