पहाटे उठून पंखा कमी करायची कटकट संपवा

एप्रिलात झोपताना पंखा पाचवर आणि पहाटे चारला पायाशी चादर शोधायची, हे नगरकरांना नवीन नाही. आपलं गाव पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर. हवा कोरडी, त्यामुळे दिवसा भाजतं आणि रात्री पारा झपकन उतरतो. फक्त दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणून टायमर लावून भागत नाही. तापमान मोजायलाच हवं.

पंखा रिमोटवर चालणारा बीएलडीसी असेल तर काम सोपं. ईएसपी३२ बोर्ड, तापमान आणि दमटपणा मोजणारा एसएचटी३१ सेन्सर, कोड शिकायला इन्फ्रारेड रिसीव्हर आणि पाठवायला एक इन्फ्रारेड एलईडी. बोर्डाला पंख्याच्या रिमोटचे कोड शिकवायचे, की २३० व्होल्टच्या वायरला हातच लावायला नको! रिमोटवर १ ते ५ अशी वेगळी बटणं असतील तर तीच वापरा. ‘वेग वाढव’ बटणावर भरवसा नको, एखादा सिग्नल चुकला की सगळा हिशोब बिघडतो.

माझी सेटिंग: ३० अंशांच्या वर चार, २८ला तीन, २६ला एक, त्याखाली बंद. वेग उतरवताना अर्धा अंश जास्त थांबायचं, नाहीतर पंखा सारखा वर-खाली करत बसतो. जुलैत दमटपणा ७० टक्क्यांवर गेला की एक पायरी वर.

सेन्सर पलंगाच्या उंचीवर, आतल्या भिंतीवर लावा. पश्चिमेची भिंत संध्याकाळी तव्यासारखी तापलेली असते, तिथलं रीडिंग खोटं येतं.

आणि हो, पंखा खोली गार करत नाही, घाम वाळवतो. खोलीत कुणी नसेल तर बंदच ठेवा.