काठीची सावली : विज्ञानाचा पहिला धडा

‘दुपारीं बारा वाजतां सूर्य बरोबर डोक्यावर येतो,’ हें वाक्य प्राथमिक शाळेंतील मूल घडाघडा म्हणून दाखवितें. परंतु हिवाळ्यांत त्याच वेळीं त्याची स्वतःची सावली अंगणांत उत्तरेकडे पसरलेली असते. डोळ्यांना दिसतें तें खरें मानावें, कीं पाठ केलेलें? मूल बहुधा गप्प बसतें. आणि विज्ञानशिक्षणाची खरी हानि तेथेंच होते.

वाशीम जिल्ह्यांतील रिठद हें गांव सुमारें २० उत्तर अक्षांशावर आहे. तेथील एखाद्या पटांगणांत एक मीटर उंचीची काठी ओळंब्यांत उभी करावी आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मुलांकडून मोजून घ्यावी. ही वेळ बाराच्या ठोक्याला येत नाहीं, थोडी मागून येते. कारण घड्याळाची वेळ गांवाच्या पूर्वेकडील साडेब्यायशीं रेखांशावरून ठरलेली आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास सावली जवळजवळ ९५ सेंटिमीटर भरते. २१ मार्चला सुमारें ३६. २१ जूनला ती अवघी ६ सेंटिमीटर उरते, आणि नवल असें कीं, ती दक्षिणेकडे पडते! मधल्या काळांत, २० मे व २३ जुलै यांच्या आसपास, ती अजिबात नाहींशी होते. म्हणजे पाठ केलेलें वाक्य वर्षांतून दोनदांच खरें ठरतें.

याचें कारण पृथ्वीच्या कललेल्या आंसांत आहे. परंतु लहान मुलांस तें लगेच सांगण्याची घाई नको. मुंबईचें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ सालीं स्थापन झालें. त्यानें प्राथमिक शाळांसाठीं तयार केलेल्या अभ्यासक्रमांतहि प्रत्यक्ष निरीक्षणास व कृतीस मानाचें स्थान आहे. आधीं पाहणें, मोजणें, मांडणें, व्याख्या मागून.

मे महिन्यांतील तो दिवस मात्र सुटींत येतो, आणि जुलैमधील दिवस पुष्कळदां ढगांत लपतो. म्हणून येथें घरच्या वडीलधाऱ्यांचें काम सुरू होतें. मुंबईस हा योग १५ मेच्या, तर नागपुरास २६ मेच्या सुमारास येतो. गच्चीवर एक काठी किंवा सरळ बाटली उभी करण्यास खर्च कांहींच नाहीं. मुलानें ‘असें कां?’ म्हणून विचारलें व उत्तर ठाऊक नसलें, तर ‘उद्यां पुन्हां मोजून पाहूं,’ एवढें म्हणावें. पुस्तकांतील वाक्यहि पडताळून पाहतां येतें, हें ज्या मुलास एकदां कळलें, त्याचें विज्ञान सुरू झालें.