उताराकडची माणसे

सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. उजनीच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहेत. तिथले सांडपाणी, काही शुद्ध केलेले, काही तसेच, मुळा-मुठेतून भीमेत येते आणि 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणात साचते. जलाशयाला हिरवा रंग चढला की सोलापूरकर पुण्याला दोष देतात, आणि त्यात चूक नाही. परंतु वरच्याने घाण सोडावी आणि खालच्याने ती सोसावी हा न्याय याच जिल्ह्यातली गावे पिढ्यान् पिढ्या चालवीत आली आहेत.

माझ्या गावचे गटार आमच्या वस्तीच्या विहिरीशेजारून ओढ्याला मिळे. सरपण असले तर आई पाणी उकळून देई. नसले तर तसेच प्यावे लागे. हगवण हे आमच्याकडे पावसाळ्याचेच दुसरे नाव होते. इंजिनियर सांगतात, पाणी उताराकडेच जाणार. खरे आहे. उतार निसर्गाने दिला. उताराला कोणी राहायचे हे मात्र गावाने ठरविले. म्हणून सांडपाण्याचे शास्त्र आपल्या कार्यकर्त्यांनीही समजून घेतले पाहिजे.

सांडपाण्यातला सेंद्रिय मैल हे जिवाणूंचे अन्न. ते खाताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो संपला की मासे मरतात, पाणी कुजते. प्राणवायूची ही मागणी मोजता येते. घरगुती मैलापाण्यात ती लिटरला साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम असते. नदीत सोडताना ती 30 च्या आत असावी असा सर्वसाधारण दंडक आहे. शुद्धीकरण म्हणजे जिवाणू जे काम नदीत करतात, ते नदीबाहेर आधीच करवून घेणे.

2000 लोकवस्तीच्या गावाला हे झेपेल काय? जलजीवन मिशनचे माप माणशी रोज 55 लिटर. त्यातले 80 टक्के सांडपाणी धरले तर रोज 88 हजार लिटर होते. आपल्या काळ्या मातीत पाणी नीट मुरत नाही, तेव्हा घरोघरी शोषखड्डे हा उपाय सगळीकडे चालत नाही. पण हे पाणी 15 दिवस साठविणारी दीड मीटर खोलीची तळी 9 गुंठ्यांत बसतात. बांध धरून 15 गुंठे पुरावेत. पहिल्या तळ्यात गाळ बसतो. दुसऱ्यात सोलापूरचे ऊन कामाला येते : उन्हावर शेवाळ वाढते, ते प्राणवायू सोडते, त्याच्या बळावर जिवाणू मैल संपवितात. शेवटच्या उथळ तळ्यात ऊनच बरेचसे रोगजंतू मारते. वीज लागत नाही. हे पाणी झाडांना देता येते. पिण्याचे ते नव्हे.

ग्रामसभेत आपण दोन प्रश्न विचारावेत. तळी कुठे होणार? 'गावाबाहेर' या शब्दाचा अर्थ आजवर आमचे दार असा झाला आहे. जागा विहिरींपासून आणि प्रत्येक वस्तीपासून लांब हवी. दुसरा प्रश्न, गाळ कोण काढणार? काही वर्षांनी तो काढावाच लागतो. तळे रिकामे करून, गाळ उन्हात वाळवून तो यंत्राने उपसता येतो. हाताने मैला साफ करायला माणूस लावणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मेलेल्यांच्या वारसांना 10 लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले. 2023 साली ही रक्कम 30 लाख केली. भरपाई वाढली, मरणे थांबली नाहीत. गावाच्या नव्या योजनेत हे जुने काम पुन्हा आपल्याच पोरांच्या वाट्याला येणार असेल, तर ती योजना आपण नाकारली पाहिजे.

1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न पाण्याला शिवण्याच्या हक्काचा होता. आपल्यापर्यंत पोचणारे पाणी कसे आहे, हे विचारणे त्याच लढ्याचा पुढचा भाग आहे. मात्र विचारताना आपल्याही खाली कोणी आहे याचा विसर पडू नये. आमचा ओढा सीनेला मिळतो, सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, भीमा पुढे कर्नाटकात जाते. तिथल्या एखाद्या वस्तीवरची आईही त्याच पाण्याने घागर भरत असेल.