नवरा सिगारेट सोडतोय तेव्हा

‘तुम्हाला माझी शपथ आहे, पुन्हा हात लावलात तर!’ आपल्याकडे बऱ्याच घरांत सिगारेट सोडवायला सुरुवात होते ती इथून. कोणी पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावतं, कोणी पाडव्याचा मुहूर्त धरतं. मुहूर्ताला हरकत नाही. तारीख ठरलेली असली की आदल्या रात्री पाकीट, लायटर, ॲश ट्रे घराबाहेर काढता येतात. शपथेचं मात्र अवघड होतं. सोडताना मध्येच एखादी ओढली जाणं हे सर्रास घडतं, पण शपथ मोडली की माणूस ते कबूल करत नाही. टपरी बदलते, खिशात बडीशेप येते, घरात शिरल्या शिरल्या तो बाथरूम गाठतो. सिगारेट आहे तिथेच, वर खोटं बोलणं नव्याने सुरू.

शपथेमागचा समज असा, की हा सगळा मनाच्या निग्रहाचा मामला आहे. निकोटिनला निग्रहाशी फारसं देणंघेणं नसतं. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत ते मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. ते मिळेनासं झालं की चिडचिड, झोपमोड, सारखी भूक हे ओघानेच येतं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. दोन ते चार आठवड्यांत जोर ओसरतो. तेव्हा ‘एवढ्यातेवढ्यावरून खेकसतो, त्यापेक्षा ओढत होता तेच बरं होतं’ असं तिसऱ्या दिवशी म्हणून टाकू नका. सासूबाईंनाही म्हणू देऊ नका. अर्थात तलफ म्हणजे वाटेल ते बोलायचा परवाना नव्हे, हेही त्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

चहाचं प्रकरण फारसं कोणाला ठाऊक नसतं. तंबाखूच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफीनचा निचरा भराभर करत असतं. धूर बंद झाला की काही दिवसांत हा वेग मंदावतो आणि रोजच्याच चार कपांतलं कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं. छातीत धडधड, रात्री टक्क जाग. दोष जातो सिगारेट सोडण्याकडे. त्यात आपण मायेने पाचवा कप पुढे करतो! कप लहान करा, संध्याकाळनंतरचा चहा बंद करा आणि बाल्कनीत उभ्याने घ्यायचा चहा काही दिवस स्वयंपाकघरात, तुमच्यासमोर बसून होऊ द्या.

‘सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही’ या वाक्याची घरोघरी चेष्टा होते. ते अगदीच थोतांड नाही. सिगारेट सोडल्यावर काहींना खरोखर बद्धकोष्ठता होते. भरपूर पाणी, ताटात पालेभाजी आणि काकडी, लागलंच तर रात्री इसबगोल, एवढ्यावर बहुतेकांचं निभतं.

तोंडात काहीतरी हवं म्हणून सुपारी देणारी माणसं मला सगळ्यांत जास्त काळजीत टाकतात, कारण ती भल्यासाठीच देतात. तंबाखू नसलेली साधी सुपारीही कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली स्पष्ट केलं आहे. सुगंधी असली म्हणून ती निर्धोक होत नाही. लवंग, वेलची, भाजलेली बडीशेप यांनी काम भागतं. मावा किंवा मळलेली तंबाखू हा तर पर्यायच नव्हे.

उलट जे खरंच उपयोगी पडतं, त्याकडे घरात संशयाने पाहिलं जातं. ‘निकोटिनचं च्युइंगम म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं धरणं.’ सिगारेटमुळे होणाऱ्या कर्करोगाला मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुरातले घातक पदार्थ जबाबदार असतात. निकोटिन चटक लावतं. च्युइंगममधून तेच निकोटिन कमी प्रमाणात, संथपणे आणि धुराशिवाय मिळतं, आणि काही आठवड्यांत तेही कमी करत बंद करता येतं. २ मिलिग्रॅमचं च्युइंगम आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतं. मात्र ते साध्या च्युइंगमसारखं सतत चघळलं तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, जळजळतं, आणि दोन दिवसांत पाकीट कपाटात पडतं. थोडं चावायचं, जिभेला चुरचुर जाणवली की गालाशी दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. चहा किंवा लिंबू सरबतावर लगेच घेऊ नये. हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

‘दहावरून दोनवर आणली, झालं की!’ हृदयाच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासानुसार, रोज २० ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. आणि ‘आता पन्नाशीला सोडून काय मिळणार?’ तर ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या पाहणीत, पन्नाशीला सोडणाऱ्यांचं आयुष्य ओढत राहणाऱ्यांपेक्षा सरासरी सहा वर्षं वाढलेलं दिसलं. वजन चार-पाच किलो वाढू शकतं, हे खरं आहे. वाढू दे.

राहिला पहारा. खिसे तपासणं, शर्टाचा वास घेणं, ऑफिसातल्या मित्राला गुपचूप फोन करणं यातून माहिती मिळते, सिगारेट सुटत नाही. जोडीदाराने ‘आधार कसा द्यावा’ याचं शिक्षण देणारे जे कार्यक्रम परदेशांत झाले, त्यांनीही सोडणाऱ्यांचं प्रमाण ठळकपणे वाढल्याचं दिसलं नाही. एखादी ओढली गेलीच, तर ‘का ओढलीस?’ ऐवजी ‘कुठे होतास, कोण बरोबर होतं?’ असं विचारा. पुढच्या खेपेला काय टाळायचं ते त्या उत्तरात असतं. समुपदेशकाशी बोलायचं असेल, तर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. फोन मात्र त्याने स्वतः लावायचा.

इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या जोडप्यांचा एक अभ्यास झाला. बायकोनेही त्याच सुमारास सिगारेट सोडली, तेव्हा जवळपास निम्म्या नवऱ्यांची सुटली. बायको ओढत राहिली, तिथे फक्त ८ टक्क्यांची. आपल्याकडे सिगारेट ओढणाऱ्या बायका थोड्या. पण सकाळी दाराआड मिश्री लावून बसायचं आणि नवऱ्याची बिडी सुटत नाही म्हणून कुरकुरायचं, अशी घरं थोडी नाहीत. तिथे तारीख दोघांसाठी एकच ठरवावी.