परका ठेका, घरचा सूर
सुरतेतील मराठी घरांत शिकवणीला गेलो की पालक हमखास विचारतात, "मास्तर, नाचाची गाणी गाऊन मुलीचा गळा बिघडेल का हो?" मी दरबारी गवयाचा मुलगा, हा प्रश्न लहानपणापासून ऐकत आलो. उत्तरादाखल मी बॉय जॉर्जचे नाव घेतो. १९८२ साली 'कल्चर क्लब'मधून विलायतेत गाजलेल्या ह्या गायकाने १९९१ साली 'बाऊ डाऊन मिस्टर' ह्या कृष्णभक्तीच्या नाचत्या गाण्यासाठी आशा भोसले यांचा आवाज घेतला. मास्टर दीनानाथांच्या ह्या कन्येने तोवर भावगीत, लावणी, गझल, कॅबरे सारे गाइले होते. ठेका परका, तरी सूर ढळला नाही. म्हणून पालकहो, आधी सूर पक्का होऊ द्या. मग मुलीने ठेका खुशाल निवडावा.