आपल्या ताटातला बोंबील येतो कुठून?

आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या पाटीपुढे आपण उभे राहतो, बोंबलाचा भाव विचारतो, घासाघीस करतो. वांग्यात टाकायचा की भाजून चटणी करायची, ते घरी ठरते. पण हा मासा राहतो कुठे, हे फारसे कोणी विचारत नाही.

वाचकहो, बोंबील हा गढूळ पाण्याचा मासा. नर्मदा, तापी, मही या नद्या खंबातच्या आखातात गाळ आणून ओततात. भरती-ओहोटीची ओढही तिथे जबरदस्त. सौराष्ट्रापासून मुंबई-रायगडपर्यंतचा उथळ, चिखलाच्या तळाचा समुद्र हेच त्याचे घर. रत्नागिरीच्या खाली तो विरळ होतो आणि पुन्हा भेटतो तो थेट आंध्र, ओडिशा, बंगालच्या किनाऱ्याला.

कोळी बांधव त्याला डोल जाळ्याने धरतात. समुद्रात खुंट ठोकून हे नरसाळ्यासारखे जाळे प्रवाहाच्या तोंडावर बांधायचे. मासा पाण्याच्या ओढीनेच आत येतो. म्हणून उधाणाला मासळी जास्त, भांगाला कमी. बोंबलाचे मुख्य खाणे जवळा. तोच जवळा त्याच जाळ्यात येतो आणि सुकट होऊन आपल्याच घरी पोहोचतो! मोठा बोंबील लहान बोंबलालाही सोडत नाही.

त्याच्या अंगात दहात जवळजवळ नऊ भाग पाणी. दहा किलो ओले बोंबील वाळवले तर हाती दीड किलोच्या आसपासच माल. वासावरून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. वर्सोवा, वसई, अर्नाळा, सातपाटीच्या कोळी भगिनी दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीवर टांगतात. वाळेपर्यंत अवकाळी पावसाची एक सर आली तरी माल काळा पडतो, कुजतो. मेहनत त्यांची, नुकसानही त्यांचेच.

खरी काळजी पिल्लांची आहे. डोलीच्या शेपटाकडची आस बारीक असते, त्यामुळे बोटभर पिल्लेही अडकतात. राज्य सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. ओल्या बोंबलासाठी तो १८० मिलिमीटर, म्हणजे सात इंच. मुलांच्या दप्तरातल्या सहा इंची पट्टीपेक्षा बोटभर जास्त. पण मोठी आस लावली की जवळा निसटतो, आणि जवळ्यावरही त्याच घराची चूल पेटते. नियम कागदावर सोपा, होडीत अवघड. पाटीत मात्र ही पिल्ले 'बारीक माल' म्हणून स्वस्तात मिळतात, आणि हात तिकडेच जातो.