बोंबलाचे दात, मुशीची नाळ

डोल जाळं मासा निवडत नाही. शंकूच्या आकाराची ती लांबलचक पिशवी ओढीच्या पाण्याकडे तोंड करून समुद्रात बांधून ठेवलेली असते. भरती-ओहोटीबरोबर जे वाहत येईल ते आत शिरतं आणि टोकाच्या बारीक आसांच्या भागात अडकून पडतं. म्हणून वसईच्या पाचूबंदरला होडी लागून पाट्या रेतीवर उतरल्या की एकेका पाटीत दहा-बारा जातींचा खिचडा असतो. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली हा मुख्य माल. त्यात अधूनमधून वाकटी, लेप, ढोमी, माकूळ, शिंगाळ्याची पिल्लं, दोन-चार चिंबोऱ्या, नशिबात असेल तर एखादा रावस, आणि कधी हातभर मुशी. वर चिखल आणि हल्ली प्लास्टिकच्या पिशव्या.

पुरुषांचं काम इथे संपतं, बायकांचं सुरू होतं. पदर खोचून त्या पाटीभोवती बसतात आणि निवडायला लागतात. तोंडाने कोणाचं लग्न, कोणाची डिझेलची उधारी चालूच असते. नजर हाताकडे क्वचितच जाते. बोंबील एकीकडे, मांदेली दुसरीकडे. जवळा तळाशी राहू द्यायचा, तो शेवटी एकगठ्ठा उचलायचा. वाकटी डोक्यामागे धरायची, कारण मेल्यावरही तिचे दात बोट फाडतात. शिंगाळ्याला तर सरळ हात घालायचाच नाही. त्याच्या पाठीवरचा काटा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे दातेरी असतात, विषारीही असतात. कोयतीच्या टोकाने त्याला बाजूला ओढायचं आणि आधी काटे मोडायचे.

मी ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. आता उधाणाच्या दिवसांत सकाळी इथे येऊन बसतो, खिशात भिंग असतं. वर्गात माझ्यासमोर पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याची मुलं असायची. अंधारात नुसता हात लावून मासा ओळखणारी ती मुलं त्याचं शास्त्रीय नाव आलं की गप्प व्हायची. वाकटीचं ‘ट्रिकियुरस लेप्ट्युरस’ हे नाव पाठ करायचं, पेपरात उतरवायचं आणि विसरायचं, असा रिवाज होता. तो शिक्षकांनीच पाडला होता, हे मान्य करायला हवं.

वाकटी घ्या आणि डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवत न्या. चार बोटं रुंद पट्टी हळूहळू निमुळती होते, आणखी निमुळती होते आणि टोकाला अगदी केस उरतो. इतर माशांना असतो तसा शेपटीचा पंख तिथे नाहीच. ग्रीक भाषेत थ्रिक्स म्हणजे केस, ऊरा म्हणजे शेपूट, लेप्टोस म्हणजे बारीक. १७५८ साली लिनियसने ठेवलेल्या नावाचा अर्थ एवढाच की केसशेपट्या, बारीक शेपटीचा. शेपूट दोनदा सांगितली आहे, कारण त्या माशात सांगण्यासारखं तेच आहे. लेप उचला. ताटलीसारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला निमुळता. त्याचं नाव सायनोग्लॉसस, म्हणजे कुत्र्याची जीभ. शिंगाळ्यातली एक जात आहे तिच्या तोंडाला मिशांची एकच जोडी असते, आणि तीही मऊ नाही, हाडासारखी ताठ. तिचं नाव ऑस्टिओजेनिओसस, म्हणजे हाडाची दाढी. पुढे मिलिटॅरिस, म्हणजे शिपाई. हा शब्द मात्र लॅटिन. ताठ मिशांचा शिपाई पोलीस चौकीतही भेटतो, त्यामुळे मुलांना हे नाव एकदा उलगडून सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नसे.

रावसाची गोष्ट मात्र थोडी सावकाश सांगायला हवी.

एके दिवशी एका पाटीत दोन मासे शेजारी पडले होते, दोन्ही वीतभर, दोघांचंही नाक पुढे आलेलं आणि तोंड खाली सरकलेलं. मी विचारलं, “मावशी, ह्यातला रावस कुठला?”

“हा रावस, तो दाढा.”

“कशावरून?”

“तोंडावरून. तुम्हाला माणसं कशी ओळखतात, सर?”

उत्तर बिनतोड होतं. पण मला तोंडावरून ओळखता येत नव्हतं, म्हणून मी दोन्ही मासे उलटे केले. कल्ल्याखाली, छातीच्या पंखाच्या पुढे, पंखापासून सुटे असे बारीक धागे लोंबत असतात. गढूळ पाण्यात तळाशी काय आहे हे मासा ह्या धाग्यांनी चाचपतो. ओले असताना ते अंगाला चिकटून बसतात; नखाने एकेक सोडवावा लागतो. रावसाचे एका बाजूला चार निघाले, दाढ्याचे पाच. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज शॉने १८०४ साली रावसाला टेट्राडॅक्टिलस, म्हणजे चारबोट्या म्हटलं. पुढे १८६२ साली डच डॉक्टर पीटर ब्लेकरने त्याच्यासाठी एलुथेरोनेमा हे कुळनाव, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द, केलं. एलुथेरोस म्हणजे मोकळा, नेमा म्हणजे धागा. मोकळ्या धाग्यांचा, चार बोटांचा. दाढ्याला २००१ साली नवं नाव मिळालं, लेप्टोमेलॅनोसोमा, म्हणजे सडपातळ काळ्या अंगाचा.

मावशींना मी धागे मोजून दाखवले. त्या म्हणाल्या, “मोजा मोजा. तोवर माझी पाटी संपते.” आणि खरंच संपली.

ह्यात कोण शहाणं, हा प्रश्न नाही. मासा जिवंत किंवा ताजा समोर असेल तर मावशींची रीत शंभर पटीने चांगली. तिच्यात रंग आहे, चकाकी आहे, अंगाचा घट्टपणा आहे, वास आहे. पण युरोपातल्या त्या मंडळींपुढे ताजा मासा क्वचितच असायचा. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून निघालेला मासा दारूने भरलेल्या बाटलीतून महिनोन्‌महिने बोटीवर हिंदकळत त्यांच्यापर्यंत पोचायचा. कधी मासाही नाही, कोणीतरी काढलेलं चित्रच. बाटलीत मांदेलीचं सोनं उडून जातं, बोंबलाची गुलाबी झाकही उडते, सगळे मासे एकसारखे पिवळट पांढरे होतात. शिल्लक राहतो तो आकार. किती धागे, किती काटे, दात सरळ की वाकडे, शेपूट कशी. एवढ्या भांडवलावर त्यांना नाव ठेवायचं होतं, असं नाव की हजारो कोसांवर दुसऱ्या कोणी दुसरी बाटली उघडली तरी त्याला मासा ओळखता यावा. ही ग्रीक नावं मासा न पाहिलेल्या माणसासाठी केली गेली. ज्यांनी तो रोज पाहिला त्यांना ती जड वाटावीत, ह्यात आश्चर्य नाही.

आकारावर भर दिल्याने काही नावं भलतीच बसली आहेत. बोंबील पाहून कोणाला काय आठवेल? मऊपणा. हातातून निसटणारं, पाण्याने भरलेलं अंग. वलांडीवर टाकला की सुकून काडी होतो, इतकं पाणी. पण कुळाचं नाव हार्पाडॉन, म्हणजे कोयत्यासारख्या दातांचा. भिंग लावून बोंबलाचा जबडा उघडून बघा, नाव खोटं नाही. सुईसारखे, मागे वळलेले दात आत ओळीने दिसतात, आणि एवढ्या लिबलिबीत प्राण्याच्या तोंडात ते पाहून जरा धक्काच बसतो. आत गेलेलं भक्ष्य बाहेर येऊ नये अशीच त्यांची ठेवण असते. तरीही बोंबलाला दातांवरून ओळखणं हा बाटलीवाल्यांचाच खाक्या. घोळीचंही तसंच. तिच्या नावात डायाकँथस आहे, म्हणजे दोन काट्यांची. बंदरावर घोळ आली की काट्यांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. सगळ्यांचं लक्ष तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीकडे असतं, कारण परदेशी जाणाऱ्या त्या वाळवलेल्या पिशवीसाठीच व्यापारी पैसे मोजतो. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावी २०२१ साली घोळीचा मोठा थवा जाळ्यात आला आणि लिलावाचा आकडा कोटीच्या वर गेला. तो भाव काट्यांना आला नव्हता.

कानमुशीच्या नावात मात्र दोघांची नजर एकाच जागी गेली. तिच्या डोक्याचे दोन्ही बाजूंना फाळ निघालेले असतात आणि टोकांना डोळे. कोळ्यांना ते कान वाटले, ग्रीक नाव ठेवणाऱ्याला हातोडा वाटला. स्फिर्ना म्हणजे हातोडा. मला विचाराल तर कान जास्त बरोबर वाटतात. आणि मांदेलीच्या बाबतीत आकारबिकार सगळं बाजूला पडलं. तिचं दुसरं नाव ड्युसुमिएरी, हे द्युसुमिए नावाच्या एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या सन्मानार्थ. तो इकडच्या किनाऱ्यांवरून प्राण्यांचे नमुने गोळा करून पॅरिसला धाडत असे. चिखलात उड्या मारणाऱ्या आपल्या निवटीच्याही नावात त्याचं नाव आहे, पण तिच्या कुळनावात निदान बोलीऑफ्थॅल्मस, म्हणजे बाहेर फेकल्यासारखे डोळे, एवढं तरी पाहिलेलं आहे. आपल्या भाषांना विचारून नावं ठेवणारेही होते. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात रोहू आणि कटला ह्यांची स्थानिक नावंच शास्त्रीय नावात घेतली. आपल्या बोंबलाची पहिली शास्त्रीय नोंदही त्याच ग्रंथात आहे.

आता मुशी. स्कोलिओडॉन हे तिचं नाव, म्हणजे तिरक्या दातांची. पूर्वी महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने हिच्या मेंदूच्या नसा कापून मोकळ्या केलेल्या आहेत. थिल्लैयमपलम ह्यांचं १९२८ सालचं ‘स्कोलिओडॉन’ हे पुस्तक त्यासाठी प्रमाण मानलं जाई. आता कॉलेजातलं विच्छेदन जवळजवळ बंद पडलं आहे. पाचूबंदरला ते रोज चालतं, फक्त त्याला गुण मिळत नाहीत.

एक मोठी मुशी साफ होत होती. मावशींनी पोटावरून कोयती ओढली आणि आत बोट घालून दोन लांब पिशव्या बाहेर घेतल्या. त्यातल्या एकीत पिल्लं होती, पूर्ण मुशीच्या आकाराची, बोटाएवढी, एकामागे एक लावल्यासारखी. प्रत्येकाच्या छातीपासून एक नाळ निघून पिशवीच्या भिंतीला गेलेली. नाळ गुळगुळीत नव्हती. भिंगाखाली तिच्यावर झालरीसारखे असंख्य बारीक तंतू दिसले. मुशीचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर, त्यात पिल्लाला पुरेल असा बलक नसतोच, म्हणून आईच्या अंगातून पोषण घ्यायची ही सोय. मावशींना ह्याचं काही नवल नव्हतं. आपल्या किनाऱ्यावर बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी खाऊ घालतात. “पोरवाली मच्छी पोरवालीला,” त्या म्हणाल्या आणि पुढचा मासा ओढला.

हीच गोष्ट ॲरिस्टॉटलने तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती. भूमध्य समुद्रातल्या एका गुळगुळीत अंगाच्या मुशीची पिल्लं आईच्या पोटात नाळेने जोडलेली असतात, असं त्याचं म्हणणं. पुढच्या विद्वानांनी त्यावर फारसा विश्वास ठेवला नाही. अखेर १८४२ साली बर्लिनच्या योहानेस म्युलरने त्या मुशीचं पोट उघडून ॲरिस्टॉटल बरोबर होता, हे दाखवून दिलं. आपल्या पाटीतल्या मुशीला, स्कोलिओडॉन लॅटिकॉडसला, १८३८ साली शास्त्रीय नाव दिलं तेही ह्याच म्युलरने, त्याच्या सहकारी हेन्लेबरोबर. ॲरिस्टॉटलला ही माहिती मिळाली कुठून? त्याच्या लिखाणात जागोजागी मासेमार येतात. आणि त्याच्या भाषेतले हे शब्द, केस, शेपूट, दात, धागा, जीभ, काटा, त्यांना तेव्हा शास्त्राचा वास नव्हता. ते स्वयंपाकघरातले, बंदरावरचे शब्द होते.

आपल्याकडे त्यांचं ओझं आणखी एकदा वाढलं. शालेय पुस्तकात आर्थ्रोपोडाचं संधिपाद झालं, एकिनोडर्माटाचं कंटकचर्मी. भाषांतर चोख आहे, पण मुलाला दोन्ही सारखीच परकी. चिंबोरीचा पाय हातात धरून सांध्यात वाकवून दाखवला तर ग्रीक आणि संस्कृत दोन्ही एका दमात कळतात. दहा पाय मोजले, नांग्या धरून, की डेकापोडा कळलं. माकुळाचे पाय डोक्यालाच फुटलेले दिसले की सेफॅलोपोडा कळलं, डोकं आणि पाय, झालं. ढोमी खाताना डोक्यातून दोन पांढरे खडे ताटात पडतात. तिच्या कुळाचं नाव ओटोलायथिस, कानातला दगड. त्या खड्याचा काप घेऊन वर्तुळं मोजली की माशाचं वय काढता येतं, हे ऐकलं की जेवताना खडे जपून ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत.

वसई-विरारच्या कॉलेजांतल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना म्हणून माझी एक विनंती आहे. प्राणिसृष्टीच्या वर्गीकरणाचा धडा फळ्यावर सुरू करू नका. मुलांना पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला घेऊन जा. मासेमारी जून-जुलैत बंद असते, ते महिने टाळा. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते आणि डोलीत फार काही मिळत नाही, तेव्हा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण बघून वेळ ठरवा. बायकांच्या कामात मध्ये येऊ नका, जे उलटंपालटं करून बघाल ते विकत घ्या, आणि शिंगाळ्याला काटे मोडल्याशिवाय हात लावू देऊ नका.